रात्रीची करकर

माझी खालची उजवीकडची दाढ वरणभात खाताना तुटली. घासात हाड नव्हते, चिक्की नव्हती, भातात खडाही नव्हता. मऊ भातात काहीतरी टणक लागले म्हणून बोटाने बाहेर काढून पाहिले, तर तो दाढेच्या आतल्या कडेचा पातळ, पांढरा टवका होता. ती दाढ किडलेली नव्हती, तिच्यात कधी सिमेंट भरलेले नव्हते आणि त्या दिवसापर्यंत ती कधी दुखलीही नव्हती. अशी धडधाकट दाढ वरणभाताने तुटते कशी, हा प्रश्न घेऊन मी दंतवैद्यांकडे गेले आणि पुढची दोन वर्षे झोपेत दात खाण्याच्या या विषयाने माझा पिच्छा सोडला नाही. त्या काळात जे समजले, जे चुकले आणि ज्याचा उपयोग झाला, ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्यासारख्या अनेकांना आपण दात खातो याची कल्पनाही नसते.

दंतवैद्यांनी टवका पाहिला, दाढ पाहिली आणि विचारले, “ताई, रात्री झोपेत दात खाता का?” मी ठामपणे नाही म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, फक्त माझ्या हातात आरसा दिला आणि एकेक गोष्ट दाखवत गेले. माझे वरचे सुळे टोकदार राहिलेच नव्हते, त्यांची टोके आडवी कापल्यासारखी सपाट झाली होती. खालचा जबडा किंचित उजवीकडे सरकवायला त्यांनी सांगितले, तेव्हा वरच्या सुळ्याचा सपाट भाग खालच्या सुळ्याच्या सपाट भागावर, डब्याचे झाकण डब्यावर बसावे तसा नेमका बसला. जबड्याची ही स्थिती जेवताना कधीच येत नाही, म्हणजे ही झीज जेवणाने झालेली नव्हती. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांच्या खुणा होत्या आणि गालाच्या आतल्या बाजूला, दात जिथे मिळतात त्या उंचीवर, एक पांढरी रेघ उमटली होती. शेवटी त्यांनी माझ्या गालांवर बोटे ठेवून दात घट्ट आवळायला सांगितले. बोटांखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या कठीण गाठी वर आल्या. चावण्याचा हा मुख्य स्नायू, मॅसेटर, रोज रात्री तालीम केल्यासारखा पोसला गेला होता.

मग मागचे बरेच काही जुळू लागले. सकाळी उठल्यावर माझी दोन्ही कानशिले जड असत आणि दहा-अकरा वाजेपर्यंत ते जडपण ओसरत असे. मी त्याचा दोष कधी चष्म्याच्या नंबराला दिला, कधी पित्ताला. उजव्या कानात दडा बसल्यासारखे वाटे म्हणून कानाच्या डॉक्टरांनाही दाखवले होते आणि कान स्वच्छ आहे, असे त्यांनी सांगितले होते. गार पाणी प्यायल्यावर दातांतून कळ जायची, म्हणून दोन वर्षे मी जाहिरातीतली टूथपेस्ट बदलत होते. यांतली एकही तक्रार मी दंतवैद्यांना कधी सांगितली नव्हती, कारण ती दातांची आहे असे मला वाटलेच नव्हते.

तरीही पुरावा हवा होता. यजमानांची नोकरी बदलीची असल्यामुळे सांगलीच्या घरी खोलीत मी एकटीच झोपते, आणि दात खाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी पुण्याहून आली आणि माझ्या शेजारी झोपली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती म्हणाली, “आई, तू रात्री किती जोरात दात खातेस गं! मला वाटलं, कोणी जात्यावर भरड दळतंय.” त्या रात्री तिने उशाशी मोबाइल ठेवून आवाज मुद्रित केला. पहाटेच्या सुमाराचा तो तुकडा मी आजही जपून ठेवला आहे. आधी पंख्याची घरघर आणि माझा संथ श्वास ऐकू येतो. मग श्वास ऐकू येईनासा होतो आणि काही क्षण फक्त पंखा चालू राहतो. मग एक खोल, ओढून घेतलेला श्वास आणि लगेच करकर, करकर, करकर, एका लयीत, सेकंदाला साधारण एकदा. आणि शेवटी आवंढा गिळल्याचा स्पष्ट आवाज. आमचे सगळ्यांचे लक्ष त्या करकरीकडे होते. तिच्या आधीच्या शांततेकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, आणि पुढे त्या शांततेतच उत्तर सापडले.

मराठीत दात-ओठ खाणे म्हणजे संतापणे. त्यामुळे झोपेत कोणी दात खाते म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार दडपलेल्या रागाचा येतो, आणि मलाही दोघीतिघींनी “मनात काही ठेवू नकोस” असे आपुलकीने सुचवले. वैद्यकात या सवयीला ब्रक्सिझम म्हणतात आणि ते नावसुद्धा दात करकरण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. दीर्घकाळ दंतवैद्यकाची समजूत अशी होती की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून जबडा त्यांना घासून जुळवू पाहतो. झोपेच्या प्रयोगशाळांत मेंदू, हृदय आणि जबड्याचे स्नायू यांची एकाच वेळी नोंद होऊ लागली, तेव्हा ही समजूत मागे पडली. या कामात कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातले जिल लाव्हिन आणि त्यांचे सहकारी यांचा वाटा फार मोठा आहे.

त्या नोंदींतून दिसलेला क्रम मला विलक्षण वाटतो. रात्रभरात आपली झोप अनेकदा क्षणभर उथळ होते. मेंदू तीन ते पंधरा सेकंद जागेपणाच्या जवळ येतो आणि पुन्हा झोपेत जातो, आणि सकाळी यातले काहीच आठवत नाही. दात खाण्याचे बहुतेक झटके अशा क्षणिक जागेपणाला चिकटून, मुख्यतः उथळ झोपेच्या टप्प्यांत येतात. आधी शरीराची ताणाची यंत्रणा चेतते, मग मेंदूच्या लहरी वेगवान होतात, त्यानंतर हृदयाचे ठोके वाढतात, मग हनुवटीखालचे जबडा उघडणारे स्नायू हलतात आणि सर्वांत शेवटी चावण्याचे स्नायू लयीत आकुंचन पावू लागतात. म्हणजे दात एकमेकांवर घासले जातात, तेव्हा मूळ घटना आधीच घडून गेलेली असते. जबड्याची अशी लयबद्ध हालचाल झोपेत निम्म्याहून अधिक सर्वसाधारण माणसांमध्येही होते. दात खाणाऱ्यांमध्ये ती कितीतरी अधिक वेळा आणि अधिक जोराने होते, इतकाच फरक. तो जोर मात्र खरोखर मोठा असतो. जागेपणी मुद्दाम दात आवळून जितका जोर लावता येतो, त्याहूनही अधिक जोर काही झटक्यांत मोजला गेला आहे, कारण दुखायला लागले की थांब, असे सांगणारी जागेपणीची राखण झोपेत सैल पडलेली असते.

दातावरचे एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण तो घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत. कातडी भरून येते, हाड जुळते, एनॅमल मात्र एकदा गेले की परत येत नाही. त्याच्या खालचे पिवळसर डेंटिन मऊ असते आणि ते उघडे पडले की झीज अधिक वेगाने होते, गार-गरम लागू लागते, आणि मग एखाद्या दिवशी वरणभाताचे निमित्त पुरते. माझी दाढ त्या दुपारी तुटली नव्हती. तिला तडा आधीच केव्हातरी गेला होता.

झीज दिसली म्हणजे ती दात खाण्यानेच झाली असेल, असेही नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. राखुंडीने किंवा मिसरीने वर्षानुवर्षे दात घासणारी, सतत सुपारी चघळणारी, रोज लिंबाच्या फोडी चोखणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. आम्लाने झिजलेल्या दाढेच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात, तर दातावर दात घासून झालेली झीज सपाट आणि चकचकीत असते. जुनी झीज दहा वर्षांपूर्वीच्या सवयीचीही असू शकते. म्हणून केवळ दात पाहून निदान पक्के होत नाही. सकाळचे जडपण, शेजारी झोपणाऱ्याचे म्हणणे आणि शक्य असल्यास रात्रीची नोंद, हे सगळे एकत्र पाहावे लागते.

माझ्या हातून पहिली चूक होता होता राहिली. दाढेला कॅप बसवण्यापूर्वी मी आणखी एका ठिकाणी सल्ला घ्यायला गेले. तिथे मला असे सांगण्यात आले की माझा चावा जुळत नाही, वरचे-खालचे मिळून सहा दात थोडे थोडे घासून समपातळीत आणले की दात खाणे आपोआप थांबेल. खर्चाचा कागदही लगेच हातात आला. मी घरी येऊन विचार करत बसले. जे एनॅमल झिजते आहे म्हणून मी डॉक्टरांकडे गेले, तेच यंत्राने घासून कमी करायचे, हे मनाला पटेना. पहिल्या दंतवैद्यांना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, घासलेला दात पुन्हा वाढत नाही. तुमचा जबडा हलतो तो मेंदूच्या सांगण्यावरून, दाताच्या नाही.” चावा दुरुस्त केल्याने झोपेतले दात खाणे थांबते, याला भक्कम आधार नाही, हे मी नंतर अनेक ठिकाणी वाचले. एखादी कॅप किंवा भरलेले सिमेंट उंच राहिले असेल, तर तेवढे कमी करणे ही वेगळी आणि योग्य गोष्ट आहे. चांगले दात सरसकट घासून घेऊ नयेत, हे मात्र मी कळकळीने सांगेन.

दुसरी समजूत आपल्या घराघरांतली आहे. मूल झोपेत दात खाते म्हणजे त्याच्या पोटात जंत झाले. माझा पुतण्या सहा वर्षांचा असताना रात्री असा काही दात खायचा की दुसऱ्या खोलीत ऐकू यायचे. सासूबाईंनी वावडिंगाचे पाणी सुरू केले, मग जंताचे औषध झाले, शाळेत जंतनाशक दिनाची गोळीही झाली आणि करकर होती तशीच राहिली. जंत आणि दात खाणे यांचा संबंध अभ्यासांतून ठामपणे दिसलेला नाही. बारीक सुतासारख्या जंतांमुळे रात्री खाज सुटून झोप मोडू शकते, तेव्हा एखाद्या मुलाच्या बाबतीत तो दुवा असूही शकेल. जंतांचे औषध मुलांना जंतांसाठी द्यावेच, सरकार 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला ते देते ते योग्यच आहे. पण त्याने दात खाणे थांबेल, अशी आशा धरू नये. बालरोगतज्ज्ञांनी पुतण्याच्या आईला दोनच प्रश्न विचारले, मुलगा घोरतो का आणि तोंड उघडे ठेवून झोपतो का. कारण टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढून श्वास अडत असेल, तर त्यांच्यावर उपचार झाल्यावर पुष्कळ मुलांचे दात खाणे कमी होते. तसे काही नव्हते. दुधाचे दात पडायचेच आहेत, थांबा, असे त्यांनी सांगितले. नवव्या वर्षापर्यंत ते आपोआप थांबले. मुलांमध्ये हे प्रमाण मोठ्यांहून बरेच अधिक असते आणि पौगंडावस्थेपर्यंत बहुतेकांचे जाते, त्यामुळे मुलांच्या बाबतीत एवढी घबराट नको. मोठ्यांमध्ये साधारण शंभरातले आठ जण झोपेत दात खातात असे म्हणतात, आणि उतारवयात हे प्रमाण आणखी कमी होते.

माझ्यावरचा पहिला खरा उपचार म्हणजे नाइट गार्ड, रात्री झोपताना दातांवर बसवायचे कवच. आधी गुलाबी लगद्याने भरलेला धातूचा ट्रे वरच्या दातांवर दाबून माप घेतले. त्यावरून प्लॅस्टरचा साचा झाला आणि आठवड्याभराने पारदर्शक, कडक अ‍ॅक्रिलिकचा, नालासारखा तुकडा माझ्या हातात आला. तो दातांवर बसवून, निळा कागद मध्ये धरून, दंतवैद्यांनी मला पुन्हा पुन्हा चावायला लावले आणि जिथे गडद ठिपके उमटले तिथे गार्ड घासून सगळीकडे सारखा स्पर्श येईपर्यंत अर्धा तास काम केले. हा अर्धा तास फार महत्त्वाचा असतो. दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून स्वतः चावून बसवायचे गार्ड स्वस्त असतात, पण त्यात ही जुळवणी होत नाही, आणि मऊ गार्डमुळे काही जणांचे चावणे उलट वाढते. पहिले चार दिवस तोंडात लाळ साचत होती आणि सकाळी दात आवळल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. गार्ड रोज सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रशने धुवायचा, पेस्ट लावायची नाही, कारण तिने ओरखडे पडतात, गरम पाणी वापरायचे नाही, कारण त्याने आकार बिघडतो, आणि कोरडा करून डबीत ठेवायचा.

सकाळचे जडपण थोडे कमी झाले आणि मला वाटले, प्रश्न सुटला. वर्षभराने तपासणीला जाताना मी गार्ड ट्यूबलाइटसमोर धरला. गुळगुळीत पृष्ठभागावर दोन्ही सुळ्यांच्या जागी बोटाच्या नखाएवढ्या खाचा पडल्या होत्या, दाढांच्या जागी बारीक समांतर रेघांचे पट्टे होते, आणि उजव्या सुळ्याखाली अ‍ॅक्रिलिक इतके पातळ झाले होते की तिथून उजेड वेगळा दिसत होता. माझे दात वाचले होते, पण दात खाणे तसूभरही कमी झाले नव्हते; फक्त झीज दातांऐवजी गार्डची होत होती. गार्ड दातांवरचा घाव झेलतो, घाव घालणारा हात थांबवत नाही. हे दंतवैद्यांनी आधीच सांगितले होते, पण हातात धरून पाहीपर्यंत ते माझ्या मनात उतरले नव्हते. मग माझी झोप रात्रीतून इतक्या वेळा उथळ का होते, हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच पडला.

झोप चाळवणारी आणि मेंदूला चेतवणारी कारणे पुष्कळ आहेत. ताण आणि चिंता हे त्यातले सर्वांना माहीत असलेले कारण. मी बँकेत काम करते आणि मार्चअखेरीस माझे दुखणे वाढते, हे मी नाकारणार नाही. पण सगळे ताणावर ढकलले की शोध तिथेच थांबतो, आणि “ताण घेऊ नका” या सल्ल्याने कोणाचाही ताण कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही. तंबाखूतले निकोटिन मेंदूला उत्तेजित करते आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये झोपेत दात खाण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते. निकोटिन मिसरीतही असते, आणि रात्री झोपण्यापूर्वी मिसरी लावून बसणाऱ्या बायका आमच्या भागात आजही आहेत, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. संध्याकाळनंतरचे मद्य झोप लवकर आणते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुकड्या-तुकड्यांची करते. चहा-कॉफीचे अतिरेकी सेवनही त्याच रांगेतले. जेवून लगेच आडवे झाल्यावर आम्ल अन्ननलिकेत वर येते, तेही जबड्याच्या या हालचालींना चाळवते असे दिसून आले आहे. घराण्याचाही भाग असतो, आई-वडिलांपैकी कोणी दात खात असेल तर मुलांमध्ये शक्यता वाढते.

औषधांचा मुद्दा मात्र जरा थांबून सांगण्याजोगा आहे, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. नैराश्य आणि चिंता यांवर दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अशा गोळ्यांनी काही रुग्णांमध्ये दात खाणे नव्याने सुरू होते किंवा वाढते. बहुधा गोळी सुरू झाल्यापासून किंवा तिचे प्रमाण वाढवल्यापासून काही आठवड्यांत हे दिसते. माझ्या एका मैत्रिणीला असेच झाले आणि तिने हे वाचून परस्पर गोळी बंद केली, त्याचा तिला फार त्रास झाला. या गोळ्या अचानक कधीही थांबवू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांना सांगितले तर ते प्रमाण कमी करतात, औषध बदलतात किंवा जोडीला दुसरे औषध देतात. तिच्या बाबतीत प्रमाण हळूहळू कमी करून आणि औषध बदलून प्रश्न मिटला. दंतवैद्यांनी आपण घेत असलेल्या गोळ्यांची यादी विचारली नाही, तर आपणच ती पुढे करावी.

माझ्या बाबतीत यांपैकी मद्य नव्हते, तंबाखू नव्हती, गोळ्या नव्हत्या. संध्याकाळी साडेसहाचा चहा मी सोडला आणि रात्रीचे जेवण आठच्या आत आणले. छातीत जळजळायचे थांबले, गार्डवरच्या खाचा मात्र पडतच राहिल्या. शेवटी दंतवैद्यांना मी तो जुना आवाज ऐकवला. त्यांनी करकर ऐकली, मग मागे नेऊन पुन्हा ऐकली आणि विचारले, “या करकरीच्या आधी श्वास थांबतोय का?” झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हा माझ्या कल्पनेत जाड मानेच्या, घर हलवून टाकणाऱ्या घोरण्याच्या पुरुषांचा आजार होता. मी बारीक अंगाची आहे आणि घोरते असे कोणी सांगितलेले नव्हते. तेव्हा समजले की पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हा विकार वाढतो, आणि त्यांच्यात तो मोठ्या घोरण्यापेक्षा थकवा, मोडलेली झोप, सकाळची डोकेदुखी, उगाच खिन्न वाटणे अशा रूपांत दिसतो. ही सगळी लक्षणे बावन्न वर्षांच्या बाईने सांगितली की “या वयात होतंच” एवढेच उत्तर मिळते. मलाही तेच मिळाले होते आणि मीही ते मान्य केले होते, याचे आज वाईट वाटते.

स्लीप स्टडीसाठी एक रात्र रुग्णालयात झोपावे लागले. डोक्यावर, डोळ्यांशेजारी, हनुवटीवर आणि पायांवर तारा चिकटवल्या, छाती-पोटाला पट्टे बांधले, नाकाखाली श्वासाची नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. एक गोष्ट कोणी तपासणीला जाणार असेल तर ध्यानात ठेवावी. नेहमीच्या तपासणीत हनुवटीचे स्नायू नोंदवले जातात, गालाचे स्नायू मात्र बऱ्याचदा नोंदवले जात नाहीत. दात खाण्यासाठी तपासणी आहे हे आधी सांगितले, तर गालांवर दोन तारा अधिक लावतात आणि आवाज-चित्राची नोंदही ठेवतात. इतक्या तारांत झोप कशी लागणार असे वाटले होते, पण लागली. अहवालात तासाला सतरा वेळा श्वास अडत असल्याचे आले. पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य आणि तीसपर्यंत मध्यम, अशी त्याची मोजणी असते. आलेखावर एकाखाली एक रेघा होत्या. श्वासाची रेघ सपाट होते, मग मेंदूची रेघ दाट होते, मग हृदयाची रेघ उसळते आणि तिच्या मागोमाग गालाच्या स्नायूची रेघ काळीभोर होऊन उठते. सगळे झटके तसे नव्हते, पण निम्म्याच्या वर तसे होते. तंत्रज्ञ बोट ठेवून दाखवत होती आणि मी पाहत होते.

दात खाणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅप्निया असतोच असे नाही आणि अ‍ॅप्निया असलेला प्रत्येक जण दात खातो असेही नाही. पण घोरणे, रात्री अनेकदा लघवीला उठणे, दिवसा पेंग, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही जोडीला असेल, तर गार्ड बनवण्याआधी झोपेविषयी विचारून घ्यावे, कारण अ‍ॅप्नियाच्या काही रुग्णांमध्ये फक्त वरच्या दातांवरचा गार्ड घातल्याने श्वासाचा अडथळा वाढल्याचेही आढळले आहे. मला सीपॅप सुरू झाले. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब घशात देऊन मार्ग उघडा ठेवणारे ते यंत्र असते. पहिला महिना कठीण गेला. मास्क टोचायचा, नाक कोरडे पडायचे, मध्यरात्री मी तो काढून टाकायचे. मास्कचा आकार बदलून घेतला आणि यंत्रात पाण्याचे भांडे जोडून हवा दमट केली, तेव्हा जमू लागले.

दिवसाचे दात आवळणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिचा इलाज आपल्या हातात असतो. खरे तर तोंड मिटलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत, ओठ मिटलेले आणि दात सुटे, अशी जबड्याची विश्रांतीची स्थिती असते. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. बँकेत संगणकाच्या पडद्याच्या कडेला मी एक हिरवा ठिपका चिकटवला आणि तो दिसला की दात सुटे आहेत का, हे पाहायचे, असा नेम केला. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वेळी दात आवळलेलेच सापडले. दोन महिन्यांत ते पुष्कळ कमी झाले आणि दुपारची कानशिलांची ठसठस गेली. झोपण्यापूर्वी गालांना ओल्या गरम कापडाचा शेक आणि बोटांनी हलके चोळणे यानेही मला बरे वाटते, पण त्याने रात्रीचे दात खाणे थांबते असा दावा मी करणार नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची हल्ली फार शिफारस होते, मात्र त्यांच्या बाजूने ठोस पुरावा नाही. गालाच्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात, त्याने चावण्याचा जोर तीन-चार महिने कमी होतो, झटके येतच राहतात. दुखणे फार असेल आणि बाकी उपाय थकले असतील, तर तज्ज्ञाच्या हातून तो विचार करावा.

आता यंत्र लावायला लागून आठ महिने झाले. झिजलेल्या गार्डऐवजी नवा केला, तोही अ‍ॅप्निया ध्यानात ठेवून, खालच्या दातांवरचा. परवा मुलगी आली होती, तेव्हा तिने पुन्हा रात्रभर मोबाइल चालू ठेवला. यंत्राच्या हलक्या फुत्कारात मध्यरात्रीनंतर दोनदा आणि पहाटे एकदा करकर ऐकू आली. पूर्वी एका तासात त्याहून अधिक वेळा येत असे. सकाळी मी दोन्ही गार्ड खिडकीपाशी उजेडात धरले. जुन्यावरच्या खाचांत नख अडकते. नव्यावर, उजव्या सुळ्याच्या समोरच्या जागी, एक पुसट चकाकता ठिपका आहे आणि बाकीचा पृष्ठभाग अजून मिळाला तेव्हासारखाच गुळगुळीत आहे.